पोपटी गाडी

बॉनेटच्या कडेवर पॉलिशचं मशीन जरा जास्त रेंगाळलं आणि पोपटी रंग उडून खालचा पांढरा थर दिसू लागला. निरंजनने झटकन मशीन बंद केलं. गाडी सासऱ्यांची लाडकी होती आणि सासूबाईंच्या आग्रहावरून तो ती चमकवायला बसला होता.

सासूबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी तो पांढरा पट्टा पाहिला, मग खिडकीआड घोरणाऱ्या नवऱ्याकडे नजर टाकली.

"आई, कडांना टेप लावायची राहिली. चुकलंच माझं."

"हळू बोला, जावईबापू," त्या कुजबुजल्या. "एवढ्याशा डागावर हे ब्रशने भागवतील. दारांच्या कडांवरूनही फिरवा की जरा! इतकी वर्षं या पोपटी गाडीत मान खाली घालून बसतेय मी."

झोप झाल्यावर सासरे बाहेर आले आणि गाडी पाहून मटकन पायरीवर बसले.

"आता सगळीच रंगवावी लागणार," सासूबाई हळहळल्या.

"रंगवू. पण पोपटीच."

"तो रंग आता मिळत नाही हो. मी कालच दुकानात विचारलं."

"कालच?" सासऱ्यांनी मान वर केली.

निरंजनने घाईघाईने मशीन पुन्हा सुरू केलं.