बिगरपरवान्याचा हात

आखाडा बाळापूरची करुणाताई पंधरा वर्षांपासून जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग भरते, घरोघरची लाइट फिटिंग करते. पण हाताशी सरकारी परवाना न्हाई. म्हणून यंदा पदर खोचून ती हिंगोलीला वायरमनच्या परीक्षेला बसली. प्रॅक्टिकल सुरू होणार, तेवढ्यात केंद्राचीच लाइट गुल!

"सर, बोर्डात वायर जळलीय, मला इथूनच वास येऊन राहिला. दोन मिनिटांत करून देते."

परीक्षक केवढ्यांदा ओरडले! "हात लावू नका बाई! परवाना नसताना बोर्ड उघडणं गुन्हा आहे. आमचे परवानाधारक संतरामभाऊ आहेत, त्यांना फोन केलाय. बारापर्यंत लाइट आली तर ठीक, नाहीतर परीक्षा पुढच्या वर्षी."

पावणेबारा झाले तरी संतरामभाऊंचा पत्ता न्हाई. करुणाताई व्हरांड्यात पक्कड घेऊन नुसती चुळबुळ करत बसली. आणखी एक वर्ष चोरासारखं काम करायचं म्हणजे काय खाऊ हाय का?

इतक्यात तिचाच मोबाइल वाजला.



"ताई, संतराम बोलतोय. मी कळमनुरीत अडकलोय. तू आज हिंगोलीतच आहेस ना? तिथल्या परीक्षा केंद्राची लाइट गेलीय म्हणे, तेवढी जाऊन माझ्या नावावर करून टाक की, नेहमीसारखी!"