गुळगुळीत रेघ

“ही रेघ इतकी गुळगुळीत कशी?” सरांनी विचारलं.

रुग्णालयातल्या खाटेवर उशांना टेकून ते आलेख बघत होते. त्यांची शेवटची विद्यार्थिनी प्रयोगशाळेतून तडक इथे धावत आली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. सरांनी डोळे मिटण्याआधी हे बघावं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन जागचा उठतो आणि मागे रिकामी जागा उरते. त्या दोघांची जोडी म्हणजे एक्सायटॉन. चुंबकीय स्फटिकाचा अणूंच्या दोन-चार थरांइतका पातळ पापुद्रा कडाक्याच्या थंडीत ठेवला, तर अशा असंख्य जोड्या एकजीव होतील, असं सरांचं भाकीत होतं. त्यापायी त्यांनी उमेदीची सगळी वर्षं घालवली. परिषदांमध्ये लोक त्यांच्या पाठीमागे हसले. काही तोंडावर हसले. विद्वानांना तेवढी सूट असते.

आज ते घडलं होतं. पापुद्र्यातून निघालेल्या प्रकाशाच्या आलेखात एकच उंच सुळका होता. चुंबक फिरवला की तो सरकायचा, पापुद्रा जरा गरम झाला की नाहीसा व्हायचा.

“तुम्हाला नीट दिसावं म्हणून थरथर मीच काढली, सर. मूळ मोजणी ही बघा.” तिने घाईघाईने लॅपटॉप उघडला. तिथली रेघ थरथरतच सुळक्यावर चढत होती.

“वा! आता थरथरही घालून दाखवतेस? मरणाऱ्या म्हाताऱ्यासाठी एवढा खटाटोप?”

“आईशपथ खरं आहे, सर.”

“मोजमापाला शपथ लागत नाही. पापुद्रा सोलायच्या चिकटपट्टीचा डिंक त्यावर राहिला असेल, तोच चमकला.”

“डिंक तपासला, सर.”

“मग लेझर डगमगला असेल.”

“तोही तपासला.”

कुणाच्याही निकालावर सर असेच तुटून पडत. टिकला तरच मानत. पण आज त्यांना धाप लागली, ओठ काळेनिळे पडले. उशाशी यंत्र ओरडायला लागलं. सरांच्या पत्नीने, काकूंनी, तिला दंडाला धरून बाजूला ओढलं.

“वाद कसला घालतेस गं? हो म्हण आणि मोकळी हो. जीव जाईल त्यांचा!”

तिने सरांकडे पाहिलं. ते तिच्याकडेच बघत होते, डोळे मोठे करून, उत्तराची वाट बघत. तिला रडू आवरेना.

“हो, सर,” ती म्हणाली. “खोटं आहे. तुम्हाला बरं वाटावं म्हणून केलं.”

काकूंनी सुटकेचा निःश्वास टाकला. सरांनी मान भिंतीकडे वळवली.

“अरेरे,” ते पुटपुटले. “माझा विश्वास बसत आला होता.”