नवा सेक्रेटरी

"एरॉलकडे बघू नकोस, तो हसतोय. मागच्या भिंतीकडे बघ आणि बोल," कृष्णा आंबेरकर म्हणाले.

ऋतिकाने सोसायटीच्या ऑफिसातलं टेबल घट्ट धरलं आणि भिंतीकडे बघितलं. तिथे लिफ्टचे नियम चिकटवलेले होते. तिने तेच वाचायला सुरुवात केली.

एरॉल खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला. "काका, हिला लिफ्टमध्येच बसवा. ऑपरेटर म्हणून."

"आवाज आहे म्हणजे," काका शांतपणे म्हणाले. "आता शब्द स्वतःचे आणायचे. उभं राहायचं, डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट सांगायची. शेवटी काय हवंय ते सरळ मागायचं आणि खाली बसायचं."

बोळिंजच्या त्या सोसायटीत रविवारचा हा वर्ग काकांनीच काढला होता. तरुणांनी पुढे यावं, चारचौघांत बोलावं, लोकांच्या उपयोगी पडावं. वर्गातली पोरं टँकर आला की रांग लावायची, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची औषधं आणायची. एरॉलच्या आजोबांच्या आगाशीच्या वाडीत जाऊन त्यांनी गाळाने बुजलेलं बावखलसुद्धा उपसलं होतं. त्या तळ्यात पुन्हा पाणी दिसलं तेव्हा काका पोरांपेक्षा जास्त भिजून घरी आले.

तर हेतू उदात्तच होता. त्यात चिमूटभर स्वार्थ मिसळलेला होता, एवढंच.

इमारतीचा पहिला रंग ओला होता तेव्हापासून काका सेक्रेटरी होते. पद सोडायला ते दरवर्षी तयार, घ्यायला कोणी तयार नाही. सोसायटीची रीतच तशी पडली होती: वार्षिक सभेत जो धड चार वाक्यं बोलेल, त्याच्या गळ्यात कसलं ना कसलं पद पडायचंच. त्यामुळे एरवी जिन्यात तासन् तास बोलणारी माणसं सभेत आपापल्या चपलांकडे बघत बसायची.

काकांना बोलणारं माणूस हवं होतं. सापडत नव्हतं, म्हणून त्यांनी घडवायला घेतलं. ऋतिका बँकेत होती, ए विंगमध्ये स्वतःच्या पगारावर घेतलेल्या घरात एकटी राहायची. हिशेब चोख, डोकं थंड. तोंड उघडत नव्हती, तेवढीच खोट.

"यंदा सुटलो बघ," त्या दुपारी काका बायकोला म्हणाले. ते नोकरीतून नुकतेच निवृत्त झाले होते. "सभा झाली की दिवसभर घरात. तुझ्या हाताखाली."

विनयाकाकू चवळी शोधत होत्या. काकांनी गेल्या आठवड्यात सगळे डबे उंचीप्रमाणे लावून दिले होते.

"दिवसभर?" त्यांनी विचारलं.

"सकाळपासून. भाजी मी आणेन, कुकर मी बघेन. तू शिट्ट्या जास्त काढतेस."

काकूंना चवळी सापडली. "त्या मुलीला जमेल का पण?"

"जमवायचं."

"मग तिला संध्याकाळी माझ्याकडे पाठवत जा. तुमच्यासमोर बिचकते ती. मी आपली नुसती ऐकत बसेन."

काकांना भरून आलं. सेक्रेटरीपदाच्या नावाने इतकी वर्षं बोटं मोडणारी विनया शेवटी आपणहून हात लावत होती.

पुढचे काही आठवडे संध्याकाळी काका टाकीवर गेले की ऋतिका यायची. एकदा परतताना त्यांनी दाराबाहेरून तिचा आवाज ऐकला. मोकळा, न अडखळणारा. ते आत आले तशा दोघी गप्प झाल्या.

"काय बोलणार आहेस, मला तरी सांग," काका म्हणाले.

"भाषण आधी फोडायचं नाही, तुम्हीच सांगितलंय, काका."

काकू म्हणाल्या, "चहा घ्या तुम्ही."

सभेच्या सकाळी काकांनी टाकीच्या, मीटररूमच्या, गच्चीच्या किल्ल्या पुसून नव्या कडीत ओवल्या. ओवता ओवता हात थांबला. आपण या पोरीला फसवतोय का? मग परवाचं आठवलं. टँकरवाल्याने पाणी कमी ओतलं होतं, तेव्हा ऋतिकाने त्याच्यासमोर उभं राहून, आवाज न चढवता, उरलेलं ओतायला लावलं होतं. हे काही फसवणुकीतून येत नाही. कडी खिशात टाकून ते खाली उतरले.

पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. अध्यक्ष बॅप्टिस्ट लोपीस माईकपुढे खाकरले. "आंबेरकर पद सोडतायत. सेक्रेटरीसाठी कोणी नाव सुचवतंय?"

सगळ्या माना चपलांकडे वळल्या. ऋतिका उभी राहिली.

"मी इथे नवीन होते तेव्हा एकदा माझ्या घरात पाणी आलं नाही. मी तक्रार केली नाही. तक्रारीसाठी बोलावं लागतं. तरी संध्याकाळी दारात भरलेल्या बादल्या होत्या. कोणी ठेवल्या ते मला खूप उशिरा कळलं. जो मागत नाही त्याची अडचण कोणाला तरी दिसायला हवी. पुढारी म्हणजे मला वाटतं तेवढंच."

माना एकेक करून वर आल्या. काकांना बादल्या आठवतही नव्हत्या. त्यांचा हात खिशातल्या कडीवर गेला. आता मागेल. पद मागेल.

"मी हे अजून शिकतेय," ऋतिका म्हणाली. "म्हणून एकच मागते. पुढची पाच वर्षं सेक्रेटरी कृष्णाकाकाच राहावेत. सूचक, मी."

आणि ती खाली बसली.

टाळ्यांनी पार्किंग दणाणलं. काका उठून उभे राहिले. डोकं अजून शाबूत होतं.

"लोपीससाहेब, नियम आहे. अनुमोदक लागतो. नाहीतर सूचना पडते."

"बरोबर," अध्यक्ष म्हणाले. "अनुमोदक कोण?"

टाळ्या थांबल्या. अनुमोदन द्यायचं म्हणजे तोंड उघडायचं, आणि तोंड उघडलं की पद. माना पुन्हा चपलांकडे वळल्या. एरॉलसुद्धा बुटाची नाडी बांधू लागला. काकांनी हळूच श्वास सोडला. आपली सोसायटी आपण ओळखतो.

बायकांच्या रांगेत एक खुर्ची सरकली.

"विनया कृष्णा आंबेरकर, बी विंग, चारशे एक," आवाज थेट मागच्या भिंतीपर्यंत गेला. "माझं अनुमोदन आहे."