हौसेने केलेलं काम

प्रोफाइलची पहिली ओळ वाचून भानुदासने कपाळावर हात मारून घेतला. ‘गाव नंबर सात. जावा बेटावरचं भातशेतीचं लहानसं गाव, एकशे बारा घरं. इथले लोक एकमेकांच्या शेतात हौसेने, विनामोबदला काम करतात.’ प्रकल्प चालवणाऱ्या होल्टबाईंनी ते स्वतः टाइप केलं होतं, आणि ‘हौसेने’च्या जागी असलेल्या ‘ग्लॅडली’ या शब्दाखाली पेनाने दोन रेघा ओढल्या होत्या.

भानुदास आणि श्रीरंग दोघेही पीएचडी करणारे. पिस्कॅटवेच्या त्या अमेरिकन ऑफिसात बसून इंडोनेशियाहून आलेले सर्व्हेचे फॉर्म कॉम्प्युटरसाठी आकड्यांत बसवायचे, हे त्यांचं काम. चौतिसाव्या रकान्यात माणूस काय करतो ते लिहायचं. मजुरी असेल तर एक, स्वतःची शेती असेल तर दोन, रिकामा असेल तर तीन. जगातल्या सगळ्या माणसांची सोय या तीन आकड्यांत झाली होती. फक्त गाव नंबर सात काही केल्या त्यांत बसेना, कारण तिथल्या फॉर्मांवर पानोपानी ‘गोतोंग रोयोंग’ असं लिहून आलं होतं.

मंगळवारी श्रीरंगने कोडं सोडवलं. “अरे, ही तर आपली इर्जिक! ज्याची नांगरट अडली त्याच्या शेतावर सगळ्यांनी बैल घेऊन जायचं, आणि त्याने सगळ्यांना पोटभर जेवायला घालायचं. सिंपल यार.” होल्टबाईंना इर्जिक इतकी आवडली की त्यांनी चौथा आकडा उघडला, आणि तेवढ्यावर न थांबता पुढचा हिशोबही करून टाकला. गाव एवढं हौशी आहे, तर प्रकल्पातून तिथे होणारा नवा कालवाही गावकरी हौसेनेच खणतील. मजुरीची तरतूद काढून टाकावी. आज चार वाजता कागद मंजुरीसाठी वॉशिंग्टनला जायचे होते.

भानुदास तीन दिवस घसा फोडून सांगत होता की फॉर्म नीट वाचा. कोणी वाचत नव्हतं. शेवटी आज जेवणाच्या सुट्टीनंतर त्याने दोन फॉर्म नेऊन होल्टबाईंच्या टेबलावर ठेवले. पहिला होता घर नंबर एकचा, म्हणजे गावप्रमुखाचा. त्याच्या शेतात चौऱ्याण्णव घरांतली माणसं राबून गेली होती. त्याच्या घरातलं माणूस दुसऱ्याच्या शेतात गेल्याचा एक दिवस नव्हता. दुसरा फॉर्म घर नंबर अठ्ठ्याऐंशीचा. एकटी विधवा बाई. प्रमुखाच्या शेतात एकोणीस दिवस. तिच्या तुकड्यावर आलेलं माणूस, शून्य.

“पण तक्रार कोणीच केलेली नाही,” होल्टबाई म्हणाल्या.

“तक्रार लिहून घेणारा माणूस प्रमुखाच्याच घरी मुक्कामाला होता, मॅडम.”

होल्टबाईंनी घड्याळ पाहिलं. त्या वाईट नव्हत्या, फक्त त्यांना उशीर झाला होता. “श्रीरंग एक सांगतो, तू दुसरं सांगतोस. तुम्हा दोघांनाही अशी गावं माहीत आहेत. दोघांच्या सहीची नोट आणा. मी ती ‘हौसेने’ची ओळ काढते आणि मजुरी परत घालते.”

म्हणजे त्या विधवेची कालव्यावरची मजुरी आता श्रीरंगच्या सहीवर येऊन अडली होती. भानुदासचं डोकं सणकलं, पण जाणार कुठे?

‘हे काम हौसेचं नाही, वेठ आहे’ अशी भानुदासने लिहिलेली नोट श्रीरंगने वाचली आणि बाजूला ठेवली. “सही करतो रे, पण खोटं कसं लिहू? मी डोळ्यांनी बघितलंय. दर मे महिन्यात मामांच्या शेतावर. वीस-वीस बैलजोड्या, गाणी, काय धमाल असायची! तुला ना, सगळीकडे वेठच दिसते.”

भानुदासला भयंकर राग आला. बोलावलं की निघायचं, दाम मागायचा नाही, नाही म्हणायचं नाही, ही वेठ त्याच्या बापाने अर्धं आयुष्य केली होती. ती दिसते म्हणून आता त्याचेच डोळे बिघडलेले ठरत होते. तरी त्याने आवाज चढवला नाही. चढवला असता तर श्रीरंगला तेवढंच निमित्त मिळालं असतं.

“मामांकडे महारवाड्यातली माणसं यायची?”

“येणारच. अख्खा गाव यायचा.”

“आणि त्यांच्यातल्या कुणाच्या शेतावर तुझे मामा बैल घेऊन गेले?”

“त्यांना कुठे एवढी शेती...” श्रीरंग अडखळला. “मामांचं वय झालेलं रे. पण जेवण सगळ्यांना असायचं हां. पुरणपोळी. मामी स्वतः वाढायची.”

“कुठे?”

“कुठे म्हणजे? ओसरीवर पंगत बसायची.”

“महारवाड्याची?”

खाली पार्किंग लॉटमध्ये कोणाची तरी गाडी चालू होत नव्हती, तिचा खरखराट तेवढा येत राहिला.

“बांधाच्या पलीकडे,” श्रीरंग म्हणाला. “बाभळीखाली. मामी वरून टाकायची.”

भानुदासने नोट पुन्हा त्याच्यापुढे सरकवली. पावणेचार झाले होते. श्रीरंगने सही केली, खाली तारीख घातली आणि कागद त्याच्या हातात दिला. भानुदास दारापर्यंत पोचला, तेव्हा त्याने मागून हाक मारली.

“भानू, खरं सांगतो. मला वाटायचं, त्यांना तिकडेच बसायला आवडतं.”