डचेसची स्वारी

गाय अडली होती आणि जावई खिळे ठोकत होता.

उजाडल्यापासून हेट्टी गोठ्यात डचेसच्या शेपटीशी उभी होती. वासराचे दोन खूर बाहेर आलेले, डोकं आत कुठेतरी मागे वळलेलं. गुरांच्या डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, माझ्या दारात आधीच दोन अडलेल्या आहेत, तुमची इकडेच घेऊन या. दवाखाना तीस मैलांवर. घरात वाहन काय, तर लेकीच्या हौसेचा तो दोन घोड्यांचा ट्रेलर. लेक कामावर. आणि लेकीचा नवरा लायल तो ट्रेलर कोठारात ओढून नेऊन तासभर ठाकठूक करत होता. माणसाला सुतारकामाचा उमाळा यावा, तर तो अशा मुहूर्तावर.

"जावईबापू, वासराला पाळणा करताय का?" हेट्टी ओरडली.

"झालंच, आई."

लेकीच्या लग्नाला बारा वर्षं झाली होती. त्यातली निम्मी 'झालंच, आई'मध्ये गेली होती. लायल शाळेत भूगोल शिकवायचा. फावडं हातात घ्यायच्या आधीसुद्धा हा माणूस त्याबद्दल कुठे काही छापलंय का ते बघायचा.

एमेट, हेट्टीचा नवरा, गेला तेव्हा त्याच्या हातच्या दोनच गोष्टी मागे राहिल्या. एक ही डचेस, त्यानं स्वतःच्या लग्नाच्या वर्षी आणलेल्या गायीच्या वंशातली शेवटची. दुसरी, कोठाराच्या माळ्यावरच्या ओकच्या फळ्या. विजेनं पाडलेलं एक झाड एमेटनं स्वतः चिरलं होतं. अर्ध्या लाकडाची स्वतःची शवपेटी केली, आणि आता तिच्यात निवांत झोपला होता. उरलेलं अर्धं हेट्टीचं. दर वसंतात ती त्या फळ्या पुसून ठेवायची. चर्चमधल्या बाकीच्या बायका दुकानातल्या चकचकीत पेटीत साटिनच्या उशीवर डोकं टेकून जात. हेट्टी त्यांना मनसोक्त हसायची.

अखेर लायलच्या गाडीमागे जोडलेला ट्रेलर बाहेर आला. दोन घोड्यांमधली आडभिंत काढलेली, खाली रबरी चटई, वर वाळू. डचेस चढली. लायलनं मागची दारं खालची-वरची दोन्ही लावली. वरचं उघडं राहिलं तर गाय उडी मारते म्हणे. कड्या दोनदा ओढून पाहिल्या. साखळ्या पाहिल्या. दिवेसुद्धा पाहिले, भर सकाळी.

"गायीला मफलर राहिला," हेट्टी म्हणाली आणि गाडीत लायलशेजारी जाऊन बसली.

मग स्वारी निघाली. स्वारीच म्हणायची, कारण वरातसुद्धा याहून झपझप जाते. खडीचा डोंगरी रस्ता, वळणावर वळण, आणि प्रत्येक वळणाआधी लायल गाडी अशी हळू करी, जणू पलीकडे कुणाचं तान्हं झोपलंय. गवत वाहणारा एक ट्रॅक्टर त्यांना मागे टाकून गेला. वर त्यातल्या म्हाताऱ्यानं टोपी उचलून नमस्कार केला.

"वासरू गुदमरतंय तिकडे," हेट्टी म्हणाली. "गाडी दामटा की जरा."

"अरुंद जागा आहे, आई. वळणावर पडली तर तिला उठता यायचं नाही."

"हेही छापलंय वाटतं कुठे?"

"हो, आई."

"या चालीनं पोचेपर्यंत मीच आटपेन. बरंय म्हणा, माझ्या पेटीच्या फळ्या तरी तयार आहेत."

लायलला एकदम ठसका लागला. डोळ्यांत पाणी येईस्तोवर खोकला बिचारा.

ओढ्यावरच्या बुटक्या पुलाच्या तोंडाशी रानटर्कींचा कळप रस्त्यात आला. लायलनं ब्रेक दाबला. मागे धाडकन आवाज झाला. हजार पौंडांची गाय गुडघ्यांवर आली होती. सगळा ट्रेलर हादरला. मग काहीच नाही. हेट्टीनं लायलची बाही धरली. मग एक खूर वाजला. दुसरा वाजला. डचेस उभी राहिली.

तिथून पुढे दवाखान्यापर्यंत हेट्टी चालीबद्दल चकार शब्द बोलली नाही.

डॉक्टरीणबाईंनी खांद्यापर्यंत हात घालून डोकं वळवलं आणि अर्ध्या तासात कालवड गवतावर पडली. ओली, रागावलेली, जिवंत. "उभी आली म्हणून वाचल्या दोघी," बाई म्हणाल्या आणि पुढच्या गायीकडे गेल्या.

हेट्टी डोळे पुसायला बाहेर आली. कुणी पाहू नये म्हणून ट्रेलरच्या आडोशाला गेली. लायल तिथे चटई गुंडाळून पाण्यानं तळ धूत होता. वाळू वाहून गेली, शेण वाहून गेलं, आणि खालून नव्यानं बसवलेली ओकची फळी वर आली. टोकाला एमेटनं हेट्टीच्या नावाचा तापल्या सळईनं डागलेला 'एच'. शेजारच्या फळीवरही 'एच'. अशा सहा.

लायलनं पाणी बंद केलं.

"ट्रेलरच्या जुन्या फळ्या कुजल्या होत्या, चाकू मुठीपर्यंत गेला, आई. पुलावर डचेस फळीसकट खाली गेली असती." त्यानं नळी गुंडाळायला घेतली. "दुसरा ओक कुठून आणणार होतो? एक इंचही कापावा लागला नाही. ट्रेलरची रुंदी आणि तुमच्या पेटीची लांबी सारखीच निघाली."

हेट्टीनं वाकून एका 'एच'वरून बोट फिरवलं. आत कालवड हंबरली.

"लायल," ती म्हणाली. बारा वर्षांत पहिल्यांदाच 'जावईबापू' नव्हतं. "मी गेले की या फळ्या उपटायच्या नाहीत. मलाच या ट्रेलरमध्ये घालायचं आणि एमेटशेजारी नेऊन पोचवायचं. आणि तूच चालव. याच चालीनं. गाडी जरा जरी जोरात नेलीस ना, तर उठून बसेन."