नवऱ्याचं नाव

"आजी, यजमानांचं नाव काय?" डॉक्टरांनी पुन्हा विचारलं.

मालनबाईंनी मान खाली घातली. लग्नातल्या उखाण्यानंतर ते नाव त्यांनी तोंडातून काढलं नव्हतं. परळच्या दवाखान्यात, या कोवळ्या पोरासमोर कसं काढणार? त्यांनी शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. ही नाव घेत नाही, एवढं त्यांनी सांगितलं असतं तरी पुरे होतं. ते नुसते हसले. आल्याआल्याच त्यांनी गिरणीच्या गेटवरचं आपलं संपातलं भाषण डॉक्टरांना ऐकवलं होतं. संपाला पंधरा वर्षं झाली, गिरणीला टाळं लागलं, भाषण मात्र तोंडपाठ. डॉक्टर खूश झाले होते.

मग त्यांनी बाहेर बसलेल्या मुलाला, रघुवीरला, आत बोलावलं. "आईंचं विसरणं बरंच वाढलंय. दिवसा घरी कोण असतं?"

"बाबा असतात."

"मग चावी, गॅस, सगळं त्यांच्याकडे द्या. आईंना शेगडीजवळ जाऊ देऊ नका. बाबांसारखं एवढं भाषण पाठ असलेल्या माणसाचं डोकं सहसा दगा देत नाही."

मालनबाईंनी कनवटीची चावी चाचपली. दोनदा गॅस उघडा राहिला, तेव्हा "माझंच चुकलं" असं त्याच म्हणाल्या होत्या. मुलासमोर नवऱ्याची शोभा नको म्हणून. बाईचं विसरणं लगेच चव्हाट्यावर येतं, आमटी खारट झाली की घरभर बोंब. पुरुषानं पेपर हातात धरला की तो शहाणाच. उलटा धरलाय का, ते कोण बघतो?

"रघू, अरे गॅसचं ते मी नव्हतं केलं," त्या वाटेत म्हणाल्या.

"असू दे आई," तो मायेनं म्हणाला. त्या मायेचीच त्यांना भीती वाटली.

लालबागच्या खोलीवर पोचल्यावर त्यानं आईच्या कनवटीची चावी घेतली, बाबांच्या हातात ठेवली आणि तो ड्युटीवर गेला.

बाबांनी दाराला आतून कुलूप घातलं. चावी खिशात टाकली. शेगडीची कळ फिरवली आणि काडी न लावताच मागे वळले. गॅसचा वास सुटला. मालनबाई पुढे धावल्या तसा त्यांनी हात आडवा धरला.

"शेगडीजवळ कुणाला जाऊ द्यायचं नाही, सांगून गेलेत. आणि बाई, तुम्ही कुणाकडच्या?"

मालनबाईंनी डोळे मिटले.

"हरेश्वर," त्यांनी हाक मारली.

कुणाला बोलावतायत म्हणून बाबांनी मागे वळून पाहिलं.