दोघींचं एकच नाणं

पाकीट डॉक्टरीणबाईंच्या हातात होतं आणि ते फोडायची त्यांना घाई दिसत नव्हती.

"एकट्याच आलात?"

"बहीण सुईला घाबरते. तिने आयुष्यात कधी रक्त काढू दिलेलं नाही," थोरली म्हणाली. "मी वर्षातून दोनदा देते. ओ निगेटिव्ह म्हटल्यावर रक्तपेढीवाले पाठ सोडत नाहीत."

ती उगाच बोलत होती. गप्प बसलं की तिला आई दिसायची. अडतिसाव्या वर्षी आईचा पाय आपोआप हलायला लागला. मग हातातून कप सुटू लागले, मग शब्द, आणि शेवटी पोटच्या मुलीही तिला ओळखू येईनात. सुटायला बिचारीला बारा वर्षं लागली. मुली आता छत्तीसच्या होत्या.

मागच्या भेटीत डॉक्टरीणबाईंनी सगळं समजावून सांगितलं होतं. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. या आजाराला एक बिघडलेली प्रत पुरते. आईच्या दोन प्रतींपैकी मुलाच्या वाट्याला कोणती येईल, हे नाणं उडवण्यासारखं. ज्याला चांगली मिळाली त्याच्या मुलाबाळांनाही भीती नाही.

"प्रत्येक मुलाचं नाणं वेगळं," त्या म्हणाल्या होत्या.

"आमचं एकच. जुळ्या आहोत ना. आई सांगायची, बाळंतपणात वारसुद्धा एकच पडली. सुईणीने तेव्हाच सांगून टाकलं, एकाच बीजाच्या म्हणून."

"तसं असेल तर उत्तरही एकच. एकाच बीजाच्या जुळ्यांचं डोळे, केस, रक्तगट, सगळं जुळतं. तरी धाकटीला एकदा घेऊन या."

"बाई, आमचा चष्म्याचा नंबरही एकच आहे. शाळेत माझा मार तिने खाल्लाय."

डॉक्टरीणबाई तेव्हा हसल्या होत्या. आज त्यांनी पाकीट फोडलं, कागद दोनदा वाचला आणि थोरलीच्या पुढे सरकवला.

"तुमच्यात बिघडलेली प्रत नाही."

थोरलीचा जीव भांड्यात पडला. स्वतःसाठी ती कधी इतकी घाबरली नसती. तिचा संसार नव्हता, मागे रडायला कुणी नव्हतं. जीव अडकला होता तो धाकटीत. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी धाकटीने मूल होऊ दिलं नव्हतं. आईसारखं मरण आपण पुढे द्यायचं नाही, हे तिने नवऱ्याला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. नवरा बसवर ड्रायव्हर, स्वभावाने गरीब. त्याने हळूहळू विचारणंच सोडलं. दुसऱ्यांची मुलं मात्र तो कडेवरून खाली ठेवायचा नाही.

दोघी बहिणी केसांचे टोप बनवायच्या. बारीक जाळीवर आकड्याने एकेक केस ओवून गाठ मारायची, अशा हजारो गाठी. गिऱ्हाइकं बहुतेक इस्पितळातली, औषधांनी केस गेलेली. हात जरा हलला की जाळी फाटते.

थोरली कारखान्यात शिरली तेव्हा धाकटीने मान वर केली नाही.

"आधी दार लाव. मग सांग."

थोरलीने दार लावलं. "सुटलो आपण."

"दोघी?"

"मी म्हणजे तूच ना गं, वेडे."

धाकटीने आकडा खाली ठेवला आणि हातातल्या अर्ध्या टोपात तोंड खुपसून रडली. तो टोप पुन्हा धुवावा लागला.

पुढचे महिने बरे गेले. घराने इतके चांगले दिवस पाहिलेच नव्हते. डॉक्टरीणबाईंचा दोनदा फोन आला, धाकटीचं रक्त राहिलंय म्हणून. "आता कशाला सुया टोचून घेऊ?" धाकटी म्हणाली. थोरलीलाही ते पटलं. धाकटीला दिवस गेले होते. ड्रायव्हर सगळ्या थांब्यांवर ही बातमी सांगत सुटला होता.

धाकटी काम करताना गुणगुणायला लागली, पायाने ठेका धरून. लहानपणानंतर थोरलीने ते पहिल्यांदा ऐकलं. तिला फार बरं वाटायचं. मधूनच धाकटीची गाठ सुटायची, एकदा तर जाळीच फाटली. थोरली गुपचूप दुरुस्त करायची आणि म्हणायची, "लक्ष कुठंय? लाडावलीस तू." पोटुशीपणात व्हायचंच असं, तिने स्वतःला सांगितलं.

दवाखान्यात नाव घालायचं धाकटीने सुईच्या भीतीने पाचव्या महिन्यापर्यंत ढकललं. शेवटी नवरा हात धरून घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी ती कार्ड मिरवतच कारखान्यात आली.

"पोरगं छान वाढतंय म्हणाले. रक्त काढताना मी हूं की चूं केलं नाही, विचार हवं तर," ती म्हणाली. कार्ड थोरलीपुढे टाकून समोर बसली आणि गुणगुणत जाळी लावू लागली. "वाच ना मोठ्याने."

थोरलीने चष्मा लावला. "उंची," तिने वाचलं. "वजन. वाढलंय गं, बरं झालं. रक्तदाब ठीक."

खालच्या ओळीवर ती थांबली. तिथे निळ्या शाईत लिहिलं होतं: रक्तगट, बी पॉझिटिव्ह.

तिने नाव पुन्हा पाहिलं. नाव धाकटीचंच होतं.

"का गं, काय झालं?" धाकटीने विचारलं.

तिचं गुणगुणणं थांबलं होतं. टेबलाखाली तिच्या पायाचा ठेका मात्र चालूच होता.